उष्टं झालेलं गाणं

गेल्या महिन्यात माझ्या नातीने शाळेतून वाजवायला चेलो घरी आणला. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती, तिची बॅग, तो चेलो आणि मी एवढे मावेनात. तेव्हा तिने मला बाहेर ठेवलं आणि चेलोला वर नेलं. मी पुढच्या फेरीने पोचले, तर तो हॉलमध्ये सोफ्याला टेकून बसलेला, घरात नवा जावई आल्यासारखा.

"दादी, डोन्ट टच इट प्लीज," नात म्हणाली.

"हात नाही लावत गो. पण त्याची घोडी बघ, पुढे कलंडलीय. सरळ कर, नाहीतर तारेला पीळ दिलास की खाली येईल."

"घोडी?"

तारांखाली उभा असतो तो लाकडी तुकडा मी लांबूनच दाखवला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही सोफाच बोलला. "हाउ डू यू इव्हन नो दॅट?"

मी म्हटलं, "यल्ला, जेवायला चल." तिच्या प्रश्नाचं उत्तर जेवणाच्या टेबलावर मावणारं नव्हतं. त्यात तिचा बाप समोर बसलेला, आणि या गोष्टीत पुरुषांनी ऐकायचं नाही असं पुष्कळ आहे. पण तोंडाशी आलेलं गिळताही येईना. म्हणून लिहायला बसले.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा या देशाचं नावही जन्माला आलं नव्हतं. दुबई होती, देरा होतं, दोघांच्या मध्ये खाडी होती आणि माणसं इकडून तिकडे नेणाऱ्या होड्या, आबरा, होत्या. दिरहम नव्हता, आपलेच रुपये चालायचे. आमचे हे एका सेठच्या पेढीवर कारकून होते. देऱ्यात त्याच पेढीच्या गोदामावर, गच्चीला लागून, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एका गावातून लग्न करून मी बोटीने तिथे आले. विशीतली. सातवीपर्यंत शिकलेली आणि त्याचा तोरा मॅट्रिक झाल्यासारखा. त्या मुलीला मी आता 'ती शहाणी' म्हणते. तिला सगळं कळायचं. जे कळायचं नाही ते तर जास्तच कळायचं.

एका दुपारी गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. खोल, लांब, पोटातून ओढलेला. मी कान दिला, आणि संध्याकाळी हे घरी आले तेव्हा सांगितलं, "अवो, टोकाच्या घरात म्हैस व्यायला झालीय. अडलीय बिचारी. कुणी जाणता माणूस पाठवा."

"देऱ्यात म्हैस कुठून आली गो?"

"मला काय ठाऊक. गोऱ्यांचं घर ते. त्यांना ताजं दूध लागत असेल."

हे हसून हसून खाली बसले. तिथे तेल शोधायला आलेल्या कंपनीचा एक अमेरिकन इंजिनियर राहत होता, आमच्या पेढीवरून त्याच्या घरी डबाबंद सामान जायचं, आणि ती म्हैस म्हणजे त्याची बायको होती. म्हणजे बायको नव्हे, तिचं वाद्य. पुढे आठ दिवस पेढीवर ज्याला त्याला हे विचारत होते, "रेडा झाला की पारडी?"

त्या शहाणीला राग आला, म्हणून ती स्वतः बघायला गेली. राग हे निमित्त. खरं म्हणजे दिवसभर गच्चीवर एकटी बसून तिच्या जिभेला गंज चढला होता. आपल्या बायका देऱ्यात हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या, त्यातल्या दोघी आजारी आणि एक भांडखोर. मी डब्यात तांदळाच्या घावण्या घेतल्या, बुरखा घातला आणि मडमेचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच, हाडकुळ्या, अनवाणी बाईने. केस पेंढ्यासारखे. तिने घावणी उभ्या उभ्याच खाल्ली, मग माझा हात धरून आत नेलं. छतावरून वारा आत ओढणाऱ्या बुरुजाखाली, जिथे जरा गार झुळूक यायची, तिथे ते वाद्य उभं होतं. मला वाटलं, सारंगीच आहे, फक्त खाऊन पिऊन वाढलेली. मडम खुर्चीवर बसली, तिने ते दोन गुडघ्यांत घेतलं (त्या शहाणीने लाजून पंख्याकडे बघितलं) आणि गज ओढला.

म्हैस नव्हती. काय होतं ते आजही सांगता येत नाही. माझ्या बापाच्या मचव्यावर शीड भरलं की डोलकाठीतून एक कुरकुर यायची, लाकूड स्वतःशीच काही म्हणतंय अशी. ती कुरकुर कुणीतरी शिकवून मोठी केल्यासारखं वाटलं. वर खोलीत वासही तोच. मडम गजाला राळ घासायची. आमच्याकडे मचव्याच्या फटी बुजवायला हीच राळ लागते. डोळे मिटले तर मी गावच्या बंदरावर.

मग मी जातच राहिले. दुपारी पुरुष कामावर असत, तेव्हा. तिची हिंदी स्वयंपाक्याकडून शिकलेली, म्हणजे 'प्याज', 'जल्दी' आणि 'जल गया'. माझं इंग्लिश पेढीच्या खोक्यांवरून वाचलेलं, म्हणजे 'फ्रॅजाइल' आणि 'धिस साइड अप'. एवढ्या भांडवलावर आम्ही एकमेकींची आयुष्यं सांगितली. ती गव्हाच्या आणि बर्फाच्या मुलखातली. भावांना बापाने ट्रॅक्टर दिला आणि हिला शाळेने चेलो दिला, कारण तो उचलायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुढे मोठ्या शहरात शिकली. वाजवायची तर सगळे वाहवा म्हणायचे, पण तिला नुसतं वाजवायचं नव्हतं, स्वतः रचायचं होतं. रचलेले कागद ती मोठमोठ्या वाद्यवृंदांना पाठवायची, ते परत यायचे. हे तिने मला करून दाखवलं. टेबलावरून एक कागद ढकलला, तो भिंतीला लागून परत तिच्यापाशी आला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. मग हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. भुकेलेल्या माणसाच्या घरात कुणी आपली हंडी ठेवायला देत नाही.

देऱ्याच्या हवेने तिचा चेलो हैराण होता. कोरड्या वाऱ्यात लाकूड आखडायचं. एकदा आम्ही चहा पीत असताना घोडी आपसूक पडली आणि गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मी कलमा म्हणत टेबलाखाली. मडम मात्र रडवेली होऊन त्या लाकडाच्या तुकड्याला कुरवाळत बसली. मी घरून माठ आणून दिला, म्हटलं हा भरून याच्याजवळ ठेव, दोघांनाही गारवा लागेल. तेव्हापासून तिचं माझ्याशिवाय पान हलेना. निदान त्या शहाणीला तसं वाटायचं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बोटीने आमचा एक गाववाला आला. त्याने आधी पाणी मागितलं, मग माझ्याकडे न बघता सांगितलं, माझी आई गेली. तो निघाला तेव्हाच चाळिसावं होऊन गेलं होतं. मला पहिल्या बाळाचे दिवस होते. बोटीवर पाय ठेवायचा नाही म्हणून यांनी बजावलं, आणि तसंही तिकडे आता कुणासाठी जायचं होतं?

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या खाडीकाठच्या गावांत हळदीच्या संध्याकाळी बायका आतल्या खोलीचं दार लावून घेत, आणि नवरीची आई स्वतः बांधलेलं गाणं म्हणे. आशीर्वादाचं नव्हे, त्यासाठी बाहेर मौलवी बसलेले असतात. हे गाणं नवऱ्या मुलाची आणि त्याच्या सगळ्या खानदानाची लाज काढणारं. जितकं झोंबरं तितकं चांगलं. म्हणायचं भरभर, टाळ्यांवर, हसून पोट दुखेपर्यंत. लेकीने ते जन्मभर पोटात ठेवायचं. सासरी तोंड उघडता येत नाही तेव्हा मनातल्या मनात म्हणायचं आणि तोंडावर पदर घेऊन हसायचं. मग तिच्या लेकीच्या हळदीला ते एकदा म्हणायचं, त्याच्यामागून आपलं नवं. पुरुषाच्या कानावर गेलं की ते गाणं उष्टं झालं. आणि उष्टं काही कुणी पुढच्या पानात वाढत नाही.

माझ्या आईने माझ्यासाठी बांधलेलं सगळं गाणं मी इथे लिहिणार नाही. दार थोडं किलकिलं करते, एवढंच:

कान नवऱ्याचे सुपाएवढे गो,
वारा सुटला की जाईल उडून.
धरा गो धरा, खुंटीला बांधा,
पोर आमची बसेल रडून.

आमच्या यांचे कान खरोखरच मोठे होते. आईने लग्न ठरवायच्या दिवशीच हेरले असणार. पुढे सासूच्या हंडीतले वाल आहेत, सासऱ्याचं घोरणं आहे, आणि मधल्या नणंदेविषयी जे आहे ते मी अल्लासमोरही म्हणणार नाही.

तर आई गेल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी मला सासऱ्याच्या घोरण्याची ओळ आठवेना. सगळं आठवत होतं, ती एक ओळ नाही. आता विचारायचं कुणाला? एक एक ओळ अशीच गळत गेली, आणि पोटात मुलगी असली, तर तिच्या हळदीला मी काय म्हणणार? त्या घाबरगुंडीतच मडमेकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे माझं रडणं ऐकलं, आणि कपाटातून टेपचं मशिन काढलं. दोन मोठी चाकं, मध्ये तपकिरी फीत. "यू सिंग," ती म्हणाली, "मशिन रिमेंबर."

मी दाराकडे बघितलं. आतून कडी घातली. स्वयंपाक्याला बाजारात पाठवायला लावलं. मग मशिनवर हात ठेवून म्हटलं, "मॅन नो. नो मॅन लिसन. युवर हजबंड नो, माय हजबंड नो, कुक नो."

"नो मॅन," ती म्हणाली. छातीवर हात ठेवला. "प्रॉमिस."

मी गायले. हसण्याचं गाणं, पण आवाज भरून येत होता, म्हणून भरभर म्हणता येईना. टाळी वाजवायला हात उचलला, तो तोंडावर गेला. सासऱ्याची ओळही आली, गाता गाता आपणच आली. शेवटी मी नाक शिंकरलं तेसुद्धा त्या फितीत गेलं. मडमेने फितीचं चाक एका पत्र्याच्या डब्यात घातलं, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. मला आईला सुरक्षित जागी निजवल्यासारखं वाटलं.

त्या शहाणीला त्या दिवशी रात्री किती छान झोप लागली म्हणून सांगू!

पुढे दोन-तीन महिन्यांनी मडमेच्या नवऱ्याने, कंपनीच्या त्या साहेबाने, आपल्या घरी चहापाणी ठेवलं. व्यापारी, दलाल, पेढीवाले, सगळे पुरुष. आमचा सेठ गेला आणि त्याची पिशवी धरायला आमचे हे. संध्याकाळी मी गच्चीवर मासे साफ करत बसले होते. हे जिना चढून आले, हातात कागदात गुंडाळलेला केक, आणि गुणगुणत होते.

माझी सुरी थांबली.

हळू म्हणत होते, अगदी हळू, एकेक सूर ओढून. पण चालीला चेहरा असतो. म्हातारपण आलं, आजार झाला, तरी आपलं माणूस ओळखू येतं तशी मला ती ओळखू आली. सुपाएवढे कान. ज्याचे कान, तोच ते गुणगुणत होता, आणि त्याचे डोळे ओले होते.

"हे काय म्हणताय?"

"अगो, काय सांगू तुला! तुझ्या मडमेने वाजवलं आज. तिने स्वतः बनवलंय. सेठचा मुनीम सांगत होता इंग्लिशमधून, लेकीला दूर देशी पाठवताना आई रडते, त्याच्यावर आहे. सगळे गप्प बसले. तो इराणी दलाल आहे ना, रुमालवाला, तो पण रडला. मला माझी आई आठवली गो."

"तुमची आई," मी म्हटलं. सासूच्या हंडीतले वाल माझ्या डोळ्यांसमोर आले.

"काय टाळ्या पडल्या! साहेब उभा राहिला. मडम लाजली एवढी."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मडमेने मला मिठीच मारली. माझ्या नाकापुढे कागद धरले, काळ्या टिकल्यांनी भरलेले. वर नाव घातलं होतं, 'आईचा निरोप'. खाली तिचं स्वतःचं नाव. मी बोटाने आधी कागद दाखवले, मग कपाट, मग माझी छाती. "माय मदर. माय. यू प्रॉमिस नो मॅन."

ती गोंधळली. मग तिला सुचलं काहीतरी, तिने धावत जाऊन कुलूप काढलं, डबा उघडून दाखवला. चाक जागच्या जागी. "नो मॅन," ती कळवळून म्हणाली. "योर व्हॉइस, नोबडी. नेव्हर. आय प्रॉमिस, आय कीप!"

आणि ते खरं होतं. माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. माझे शब्द कुणी ऐकले नव्हते. तिच्या हिशेबात तेवढंच माझं होतं. उरलेलं, म्हणजे चाल, ती म्हणजे जणू रस्त्यावरचा वारा, ज्याच्या शिडात भरेल त्याचा.

मी तिला समजवायला गेले की बाई, हे रडण्याचं गाणंच नव्हे. मी माझे दोन्ही कान धरून बाजूला ओढले, सुपासारखे हलवले, टाळ्या वाजवल्या, नाचले, मोठमोठ्याने हसले. सातवा महिना. मडमेने घाबरून मला खुर्चीत बसवलं आणि कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

मग ती शांतपणे म्हणाली, "यू गेव्ह मी ब्युटिफुल थिंग."

'गिव्ह' मला कळत होतं, दुकानातला शब्द. मी दिलं नव्हतं. मी ठेवायला दिलं होतं. पण ठेवायला दिलं याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते खोक्यांवर कुठेच छापलेलं नव्हतं. मी माठाकडे बघितलं, तोही माझाच. तेवढा उचलला आणि घरी आले. भर दुपारी, सातवा महिना, डोक्यावर ओला माठ. जाताना गल्लीतला एक बलुची हमाल म्हणाला, "बहन, पानी इधर भी मिलता है." ती शहाणी माठ सावरून पुढे चालत राहिली.

आता इतकं वय झाल्यावर कधीतरी वाटतं, तिने ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं. मी त्या दिवशी रडतच गायले होते. कुणास ठाऊक, आईसुद्धा दाराआड टाळ्या वाजवताना आतून तशीच असेल. पण म्हणून ते तिचं झालं का? माझं रडणं मी तिच्या घरी सांडलं होतं. तिने ते पुसून ठेवायचं होतं, ताटात वाढून पुरुषांसमोर ठेवायचं नव्हतं.

खरा घाव अजून व्हायचा होता, आणि तो घरातून झाला. हे रोज ते गुणगुणायला लागले. दाढी करताना, चपला शोधताना, वरणाला फोडणी बसण्याची वाट बघताना. एक दिवस मला राहवलं नाही.

"अवो, ते मडमेचं नाही. ते माझं आहे. माझ्या आईने बांधलंय, माझ्या हळदीसाठी."

दाढीचा साबण लागलेलं तोंड त्यांनी माझ्याकडे वळवलं. आधी हसले. मग मी हसत नाही हे बघून जपून बोलायला लागले. ते तर हसण्यापेक्षा वाईट.

"असं कसं होईल गो? ती शिकलेली बाई आहे, कागदावर लिहून वाजवते. तू रोज तिच्याकडे जातेस, ऐकून ऐकून तुझ्या कानात बसली असेल चाल. तुला वाटतंय तुझ्या आईची. आई गेल्यापासून तुला सगळ्यातच आई दिसते."

"मग शब्द सांगू?"

"सांग की!"

मी तोंड उघडलं. समोर साबणाच्या फेसात ते दोन कान. मी तोंड मिटलं.

"बघ," ते प्रेमाने म्हणाले. "जाऊ दे. यात लाजण्यासारखं काही नाही."

तर अशी सगळ्या गल्लीत मी एकटी, जिला माझं गाणं माझं आहे हे ठाऊक होतं. आणि ज्या दुसऱ्या एकीला ठाऊक होतं, ती टाळ्या घेऊन बसली होती.

मुलगी झाली. मडमेने झबलं पाठवलं, मी ते वापरलं नाही. पुढे उन्हाळा संपता संपता कंपनीने साहेबाला दुसऱ्या देशी हलवलं. निरोप घ्यायला मी गेले नाही. ती आली होती म्हणे खाली गोदामापाशी, जिन्याकडे बघत उभी होती. मी वरून तिचे पेंढ्यासारखे केस तेवढे पाहिले आणि बाळाला पाजायला आत वळले. संध्याकाळी यांनी एक पत्र्याचा डबा आणून दिला. "मडमेने तुझ्यासाठी ठेवलाय. म्हणाली, कुणी ऐकलेलं नाही. काय आहे गो यात?"

"माशाच्या कालवणाची कृती," मी म्हटलं. "मी बोलून ठेवलेली."

पण डबा हातात आला आणि डोक्यात किडा शिरला. पुरावा! माझा आवाज, माझ्या आईची चाल, आणि मागे मडम काही वाजवत नाहीये. हे एकदा ऐकलं की हा माणूस सगळा जन्म माझ्यापुढे मान खाली घालील. मी त्यांना म्हटलं, "कृती नाही ती. माझं गाणं आहे. तुम्हाला खरं-खोटं करायचंय ना? चला बाजारात."

खाडीपलीकडच्या बाजारात एका सिंध्याचं रेडिओचं दुकान होतं, त्याच्याकडे तसलं मशिन होतं. बाळाला शेजारच्या भांडखोर बाईकडे ठेवलं आणि गेलो. दुकानात गर्दी. एक ट्रान्झिस्टर बघणारा, एक नुसताच गार हवा खायला आलेला, दोन हमाल खोकं उतरवत होते. सगळे पुरुष. सिंध्याने फीत लावली, चाक बोटाने फिरवून बघितलं, माझ्याकडे बघून हसला. "लगाऊं, भाभी? क्या है इसमें, कव्वाली?"

सगळे वळले. ट्रान्झिस्टरवाल्याने आपला ट्रान्झिस्टर बंद केला. आणि आमचे हे काउंटरवर ओणवे झाले, एक कान मशिनकडे लावून. तो कान मी जवळून बघितला. पहाटेच्या नमाजला उठताना त्याला टोपी अडकायची, तो कान. बाळ त्याला धरून लोंबकळायचं, तो कान. आईने बघितल्याबरोबर गाण्यात घातलेला.

सिंध्याचं बोट बटणावर होतं. बटण दाबलं की मी जिंकणार होते. आणि बटण दाबलं की आईचं दार मीच उघडणार होते, पुऱ्या बाजाराला. मडमेने चाल नेली होती, शब्द अजून कुणी नेले नव्हते. ते नेण्यासाठी माझ्याइतकं दुसरं कुणी लायक नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "खलास. काढा ती."

"अरे भाभी, सुनो तो सही..."

"काढा म्हटलं ना!"

येताना आबरेत हे माझ्याजवळ सरकून बसले. मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाले, "मला ठाऊक होतं गो, त्यात काही नाही. मी कुणाला सांगणार नाही." आबरेचं इंजिन टकटकत होतं आणि ते त्याच्या तालाकडे दुर्लक्ष करून हळूहळू गुणगुणत होते. तेच.

मडमेचं वागणं मी परक्या मुलखाच्या खात्यावर टाकलं असतं. त्या थापेचं काय करू, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या आठवड्यात मी तारल्या, ती बारीक मासळी, मीठ लावून गच्चीवर सुकत घातल्या होत्या. खाडीवरचे ते पांढरे पक्षी, आमच्याकडे त्यांना कुरव म्हणतात, ते टपूनच असायचे. मी डबा आणला, फितीचं टोक धरलं आणि ओढत गेले. एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, परत काठीपर्यंत. सरता सरेना, एवढी लांब निघाली. त्यात माझं नाक शिंकरलेलंही कुठेतरी असणार. उन्हात फीत चमकायला लागली, वाऱ्याने फडफडायला लागली, आणि तिच्यातून एक बारीक घूं-घूं यायला लागली. कुरव आले, घिरट्या घातल्या, आणि शेजारच्या गच्चीवर गेले.

माझ्या मुलीच्या हळदीला पुढे मी नवंच गाणं बांधलं. लोकांना आवडलं. आईचं वाढलं नाही.

पण फीत बांधली त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. हे पेढीवरून आले, चहाचा पेला घेऊन गच्चीवर माशांच्या शेजारी बसले, वर बघितलं. "ही फीत कुठली गो? झकास युक्ती आहे. एक पक्षी नाही."

"मडमेने दिली."

"चांगली बाई होती, नाही?"

फीत वर घुमत होती, खाली हे घुमत होते. हळू, ओढून, डोळे अर्धे मिटून. त्यांना ते फार आवडायचं. मी तारल्या उलटवत उलटवत त्यांच्यापर्यंत पोचले.

"जरा सरका बघू तिकडे," मी म्हटलं. "तुमच्या कानांची सावली पडतेय माशांवर."

त्यांनी गुणगुणणं थांबवलं. एक हात कानाला लावून बघितला. मग मुकाट्याने पेला उचलला, सरकले, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.